ताप नसलेले प्रवासी

१ मार्च २०२० रोजी पुण्याचं एक जोडपं दुबईची सहल आटोपून मुंबईत उतरलं आणि टॅक्सीने घरी गेलं. ९ मार्चला ते दोघे महाराष्ट्रातले पहिले करोनारुग्ण ठरले. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी, एक सहप्रवासी आणि तो टॅक्सीचालकही पॉझिटिव्ह आला. विमानतळावर मग तपासतात तरी काय, असं जो तो विचारू लागला.

त्याचं उत्तर मुंबईच्या सहार विमानतळावर, आगमन कक्षात मध्यरात्रीनंतर मिळायचं. विमानात भरलेला फॉर्म हातात, कपाळासमोर थर्मल गन, आकडा दिसला की पुढे.

गन धरलेली परिचारिका आकड्यापेक्षा चेहऱ्याकडे जास्त बघत होती. "टोपी काढा. घाम पुसा. दोन मिनिटं बाजूला थांबा." गन मोजते ती कातडीची उष्णता. अंगातला ताप त्यावरून अंदाजाने ठरतो. घामाने आणि एसीच्या गारव्याने कपाळ थंड पडतं आणि आकडा खाली येतो. पॅरासिटामॉल घेतलेली असली तर खरा तापही उतरलेला असतो. "तापाची गोळी घेतलीत का?" हा तिचा ठरलेला प्रश्न. "नाही" हे प्रत्येकाचं ठरलेलं उत्तर. घरी जायची ओढ लागलेला माणूस दुसरं काय सांगणार?

पाळीवरच्या डॉक्टरांनी एक आकडा सांगितला: शंभरातले ४६. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी फेब्रुवारीतच हा हिशेब मांडला होता. लागण झालेले शंभर प्रवासी निघाले, तर निघताना आणि उतरताना असं दोन्हीकडे तपासूनही ४६ जण निसटतात. उतरण्याच्या ठिकाणी सापडतात ते जेमतेम नऊ. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच दिवस जातात, विमानप्रवास मात्र काही तासांत संपतो. कित्येकांना तर लक्षणं दिसतच नाहीत.

पुण्याच्या जोडप्याच्या वाट्याला ही रांगही आली नव्हती. तेव्हा ठरावीक देशांतून येणाऱ्यांनाच तपासत. दुबई त्या यादीत नव्हती. सरसकट तपासणीचा निर्णय ४ मार्चचा. पण त्यांच्या कपाळासमोर गन धरली असती तरी ते सापडलेच असते का? निसटणाऱ्यांचा आकडा तोच: शंभरातले ४६.

हे सगळं आधी घडून गेलेलं होतं. २००३ मध्ये सार्सच्या साथीत कॅनडाने सुमारे ६५ लाख प्रवासी तपासले, ९,१०० जणांना पुढच्या तपासणीसाठी बाजूला काढलं. सार्सचा रुग्ण त्यांत एकही निघाला नाही. पुढेही तेच झालं: अमेरिकेने १७ जानेवारी ते १३ सप्टेंबर २०२० या काळात ७,६६,०४४ प्रवाशांची तपासणी केली. रुग्ण सापडले नऊ, म्हणजे ८५ हजारांमागे एक. दुसऱ्याच दिवशी त्यांनी हा खटाटोप गुंडाळला.

सहारला मात्र गनच्या पुढे आणखी एक टेबल होतं. तिथे सॅनिटायझरच्या वासात शाईचा वास मिसळलेला. डाव्या हाताच्या पाठीवर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का बसायचा: "प्राउड टू प्रोटेक्ट मुंबईकर्स", खाली "होम क्वारंटाइन्ड" आणि तारीख. शिक्का मारणारा कर्मचारी आधी फुंकर घालायला जायचा, मग मास्क आठवून हात हवेत धरायला सांगायचा. कोणी हसून फोटो काढत होतं. बरेच जण वाळायच्या आधीच बाही खाली ओढत होते. माणसावर असा शिक्का मारणं बघवत नव्हतं, हे खरं. पण १८ मार्चला जर्मनीहून आलेल्या चौघांना गरीबरथमधून पालघरला उतरवलं गेलं, ते या शिक्क्यामुळेच. ताप त्यांना पकडून देणार नव्हता.

पुण्याच्या जोडप्याचा टॅक्सीचालकही गनने सापडला नव्हता. रुग्ण कोणाच्या गाडीतून आले, शेजारी कोण बसलं होतं, हे कोणीतरी विचारत गेलं म्हणून तो सापडला. म्हणजे खरी भिस्त होती त्या फॉर्मवर, त्यातल्या फोन नंबरवर आणि दुसऱ्या दिवशी तो नंबर फिरवणाऱ्यावर. तिथेच घोडं पेंड खात होतं. १८ जानेवारी ते २३ मार्च या काळात परदेशातून १५ लाखांहून अधिक प्रवासी देशात आले. त्यांतले प्रत्यक्ष देखरेखीखाली किती, यात तफावत दिसते, असं पत्र केंद्राच्या कॅबिनेट सचिवांनीच मार्चअखेर राज्यांना लिहिलं. तोवर आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली होती.

डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळांवर पुन्हा टेबलं लागली, ती वेगळ्या हिशेबाने. परदेशातून येणाऱ्यांपैकी दोन टक्के प्रवासी निवडायचे, आरटीपीसीआरसाठी नमुना घ्यायचा आणि त्यांना जाऊ द्यायचं. पॉझिटिव्ह निघालेला नमुना जनुकीय तपासणीला जायचा, कोणता नवा उपप्रकार देशात आला ते कळण्यासाठी. त्याला दारातच अडवू, असा दावा या वेळी कोणी केला नाही.