छापा अड्ड्यावर, मग खात्यावर

वरंध-पोलादपूरकडची माणसं पिढ्यानपिढ्या मुंबईत पोट भरत आली. 1962 साली कल्याणजी भगतने वरळीत मटका सुरू केला, पाठोपाठ रतन खत्रीचा आला. गिऱ्हाईक मुख्यतः गिरणगावातलंच. गावी जायची किती मनीऑर्डर मटक्याच्या ओपन-क्लोजमध्ये आटली, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. जुगाराविरुद्ध कायदा होता, 1887 चा. पण तो अड्ड्यासाठी लिहिलेला: खोली, पत्ते, चिठ्ठ्या, रोकड, पंचनामा. छाप्यात आकडा लिहिणारा सापडे. पैशाची वाट क्वचितच.

त्याच कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट होती. पुढची सगळी गंमत तिथेच झाली. 2016 मध्ये यूपीआय आलं, अड्डा खिशात शिरला. ड्रीम11 हा पैसे लावायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये मानलं. ऑक्टोबर 2023 पासून अशा खेळांत भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी लागला. म्हणजे सरकारही वाटेकरी झालं. जुलै 2025 मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा सभागृहातला मोबाइलवरच्या रमीचा व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो, असं ते म्हणाले. कृषी खातं गेलं आणि मिळालं क्रीडा खातं!

पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन खेळांचं विधेयक दोन दिवसांत मंजूर केलं. 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य की नशीब, हा वादच त्याने बाजूला सारला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ बंद. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझ्या मते खरा बदल पुढे आहे: पैसे पोचवणारी बँक, पेमेंट कंपनी किंवा इतर कुणीही याच शिक्षेला पात्र. पैशाची वाटही कायद्याच्या नजरेत आली. ड्रीम11 ने पैशांच्या स्पर्धा लगेच थांबवल्या, भारतीय संघाच्या जर्सीवरचं नावही गेलं. कंपन्या न्यायालयात गेल्या. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांतल्या याचिका स्वतःकडे घेतल्या.

परदेशातून चालणारे सट्ट्याचे अ‍ॅप मात्र दुसऱ्यांच्या बँक खात्यांवर जगतात. ही खाती गरजू पोरांकडून भाड्याने घेतली जातात. काही हजारांसाठी कुणी तुमचं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम मागितलं, तर देऊ नका. पोलीस आधी तुमच्याच दारात येतील.