स्थूलतेवरील शस्त्रक्रिया

अन्न कमी खावे व श्रम अधिक करावेत, हा स्थूलतेवरील उपाय सर्वांस ठाऊक आहे. परंतु अतिस्थूल मनुष्याचे वजन उतरू लागले की त्याची भूक वाढते, शरीरातील ऊर्जेचा व्यय मंदावतो, आणि घटलेले वजन बहुधा परत येते. शरीर आपला साठा राखू पाहते. हा साठा शस्त्राने कसा मोडावा?

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या क्रेमेन व लिनर यांनी १९५४ साली लहान आतड्याचा बराचसा भाग अन्नमार्गातून वगळण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. अन्न शोषले जाण्यास जागाच उरू नये, हा तिचा हेतू. वजन उतरले खरे. पण अतिसार, मूतखडे व यकृताचे विकार मागोमाग आले आणि ती पद्धती सोडून द्यावी लागली.

आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी निराळी वाट धरली. व्रणामुळे ज्यांच्या जठराचा भाग काढलेला असे, ते रोगी सहसा पुन्हा लठ्ठ होत नसत, हे त्यांच्या ध्यानी आले होते. १९६६ च्या सुमारास त्यांनी चिकाशी इतो यांच्यासह जठराचा वरचा भाग अलग करून तो थेट लहान आतड्यास जोडला. या शस्त्रक्रियेच्या आजच्या रूपात सुमारे ३० मिलिलिटर मावेल एवढीच पिशवी ठेवतात. आतडे छेदून त्याचे खालचे टोक पिशवीस जोडतात. पित्त व स्वादुपिंडरस वाहून आणणारे वरचे टोक बरेच खाली जोडतात. ही जोडणी इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी दिसते.

दुसऱ्या प्रकारात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग उभा कापून काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. आतड्यास हात लावीत नाहीत. ही शस्त्रक्रिया आज सर्वाधिक प्रचारात आहे. मात्र काढलेले जठर पुन्हा मिळत नाही. जठराभोवती सिलिकोनचे कडे बसविण्याची रीत सोपी म्हणून एके काळी गाजली व पुढे मागे पडली.

लहान पिशवी आणि आखूड मार्ग, एवढाच हा हिशेब असता तर रोगी सदैव भुकेने व्याकूळ राहिला असता. वस्तुतः त्याची भूकच मंदावते. याचे कारण संप्रेरकांत आहे. भूक चेतविणारे ग्रेलिन हे संप्रेरक १९९९ साली जपानी संशोधकांना सापडले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात निर्माण होते, आणि नळी करताना नेमका तोच भाग निघून जातो. उलट, अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचले की तेथून ‘जीएलपी-१’ अधिक स्रवते. ते मेंदूस तृप्तीचा संदेश देते व इन्शुलिन वाढविते. वॉल्टर पोरीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली नोंदविले की अनेक मधुमेहींची रक्तशर्करा वजन फारसे घटण्यापूर्वीच, काही दिवसांत, सुधारली.

या लाभाचे मोल रोग्यास जन्मभर द्यावे लागते. लोह, कॅल्शियम व ब-१२ जीवनसत्त्व यांचे शोषण घटते, म्हणून ती नियमाने घ्यावी लागतात. रक्ततपासणी टाळून चालत नाही. काहींचे वजन वर्षांनंतर पुन्हा वाढते. भारतीयांस मधुमेह तुलनेने कमी वजनावरच गाठतो. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार करण्याची मर्यादाही आशियाई लोकांसाठी खालची धरली जाते.