गुरं जातात का त्या वाटेनं?

सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या बोलण्यात एक शब्द नेहमी येतो: दृष्टिभय. "वाट सोपी आहे, पण शेवटच्या टप्प्यात दृष्टिभय आहे," असं कुणीतरी जाता जाता सांगतं. मी तो पहिल्यांदा ऐकला राजगडाच्या बालेकिल्ल्याखाली, कातळाला चिकटून उभी असताना. बरोबरची मंडळी वर पोचली होती आणि माझे पाय हलायला तयार नव्हते. या शब्दात केवढं शहाणपण आहे ते कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली. आपण सगळे 'उंचीची भीती' म्हणतो. ज्यानं कुणी दृष्टिभय हा शब्द रुजवला, त्यानं दोष उंचीच्या माथी मारलाच नाही. तो डोळ्यापाशी जाऊन थांबला, आणि शास्त्रज्ञही शेवटी तिथंच येऊन थांबले.

उंचीचा साधा हिशोब मांडून बघा. महाबळेश्वरची बाजारपेठ समुद्रसपाटीपासून सुमारे 1350 मीटरवर आहे आणि तिथं आपण चणे खात निवांत हिंडतो. कासचं पठार सुमारे 1200 मीटरवर, तिथं लहान पोरं फुलांमधून धावतात. नाशिकजवळचा हरिहर 1120 मीटरचा, म्हणजे या दोन्हींहून ठेंगणा. तरी त्याच्या कातळात खोदलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्या खालून बघतानाच पोटात गोळा येतो. पनवेलजवळचा कलावंतीण दुर्ग तर जेमतेम 700 मीटरचा, महाबळेश्वरच्या निम्म्या उंचीचा.

मग पाय कशानं लटपटतात?

आपण 'स्तब्ध' उभे असतो तेव्हाही स्तब्ध नसतो. शरीर सारखं किंचित डुलत असतं आणि मेंदू ते सारखं सावरत असतो. त्याला तीन ठिकाणांहून बातमी मिळते. एक पावलांकडून आणि सांध्यांकडून. दुसरी कानाच्या आतून. तिथं कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे ज्या द्रव्याचे शंख-शिंपले बनतात त्याच द्रव्याचे, अतिसूक्ष्म खडे असतात. डोकं कललं की ते सरकतात आणि खालच्या केसासारख्या तंतूंना वाकवतात. आपण कानात चुन्याचे खडे घेऊन तोल सांभाळतो, ही गोष्ट मला आजही थक्क करते. तिसरी बातमी डोळ्यांची, आणि घोळ होतो तो इथं.

समजा डोकं दोन सेंटिमीटर डुललं. दोन मीटरवर झाड असेल, तर ते नजरेत सुमारे अर्ध्या अंशानं सरकतं. डोळ्याला ते चटकन कळतं आणि मेंदू तोल सावरतो. तेच झाड 200 मीटरवर असेल, तर सरकणं शंभर पटींनी कमी होतं. डोळ्याला काही कळतच नाही. कान म्हणतो डुललास, पाय म्हणतात डुललास, डोळा म्हणतो छे, सगळं जागच्या जागी आहे. या विसंवादात शरीर आणखी डुलायला लागतं. जर्मन मेंदूतज्ज्ञ थोमास ब्रांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये ही यंत्रणा मांडली. म्हणजे कड्यावर येणारी अस्थिरता हा मनाचा दुबळेपणा नव्हे, ती भूमिती आहे आणि ती थोडीफार प्रत्येकाला लागू होते. काहींना तिचा त्रास जास्त होतो एवढंच, आणि हे 'काही' थोडेथोडके नाहीत. जर्मनीत साडेतीन हजारांहून अधिक लोकांना विचारून केलेली एक पाहणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सुमारे 28 टक्के लोकांनी सांगितलं की, उंचावरून बघताना असा त्रास आपल्याला कधी ना कधी झाला आहे.

या भूमितीतच उपाय दडलेला आहे. डोळ्याला जवळचं, न हलणारं काहीतरी हवं. शेजारी कातळाची भिंत, झाडी, कारवीचं रान. म्हणून वाट निवडताना डोंगराची उंची मी आता विचारतसुद्धा नाही. वाटेच्या दोन्ही अंगांना हाताच्या अंतरावर काय आहे, एवढंच विचारते.

सह्याद्रीत हे आधीच ओळखता येतं, कारण तो थरांनी बनला आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरावर थर पसरले. त्यापासून झालेल्या खडकाला भूशास्त्रात ट्रॅप म्हणतात आणि त्या नावाच्या मुळाशी जिना या अर्थाचा स्वीडिश शब्द आहे. घट्ट थर सहजी झिजत नाही, त्याचा उभा कडा राहतो. ठिसूळ थर झिजतो आणि कड्याच्या पायाशी उताराची, बहुधा झाडीची पट्टी तयार होते. तिला आपल्याकडे किती सुंदर नाव आहे: पदर. पदरातली रुंद, झाडीतली वाट आपल्यासारख्यांची. धारेवरची वाट, जिथं दोन्हीकडं नुसतं आभाळ, ती आपली नव्हे. कड्याच्या पोटातून जाणारी अरुंद आडवी वाटही नव्हे. नाळेतली, म्हणजे दोन कड्यांमधल्या घळीतली, वाट मात्र चढायला कितीही दमवणारी असली, तरी दोन्ही बाजूंच्या भिंती नजरेला धरून ठेवतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर समोच्च रेषा बघितल्या तरी अंदाज येतो. वाटेला अगदी लागून रेषांची दाटी झाली असेल, तर तिथं कडा आहे.

एकाच डोंगराला दोन स्वभावांच्या वाटा असतात, हे तर फार थोड्यांच्या लक्षात येतं. कर्जतकडच्या खांडस गावातून भीमाशंकरला जायला शिडी घाट आहे आणि गणेश घाट आहे. पहिला जवळचा, लोखंडी शिड्यांचा आणि कातळाचा. दुसरा लांबचा, ऐसपैस. दोन्ही नेतात भीमाशंकरलाच. राजगडाचंही तसंच. गुंजवण्याकडून चोर दरवाजाला जाताना शेवटी उभा कातळ लागतो. पाली दरवाजाकडून रुंद पायऱ्यांचा राजमार्ग आहे. माझी चूक एवढीच झाली होती की, त्या दिवशी आम्ही चोर दरवाजानं आलो आणि मन आधीच थकलेलं असताना मी बालेकिल्ल्याला भिडले. नंतर पाली दरवाजानं जाऊन पद्मावती माचीवर मी आख्खी दुपार काढली. बालेकिल्ला खालूनच डोळे भरून पाहिला. राजगड पाहिला असं मी बिनदिक्कत सांगते.

हरिश्चंद्रगडाला पाचनईची वाट घ्यावी. वर कोकणकड्यापाशी लोक पोटावर झोपून दरीत डोकावतात. ही रीत नुसती सावधगिरीची नाही. आडवं झाल्यावर तोल सांभाळायचं कामच उरत नाही, भांडणारे तिन्ही साक्षीदार गप्प होतात. उभ्यानं जिथं दहा पावलं मागं थांबावं लागतं, तिथं असं सरपटत जाऊन मी तो आत वळलेला प्रचंड कडा पाहिला आहे.

दोन गोष्टी मात्र बजावून सांगायला हव्यात. उतरताना नजर खालीच लागते, म्हणून चढताना सोसलेली वाट परतीला सोसवेलच असं नाही. नवख्यानं एका वाटेनं चढून अनोळखी वाटेनं उतरायचा बेत करूच नये. आणि भय नाही म्हणजे धोका नाही, असं अजिबात नाही. धुक्यात दरी दिसत नाही, म्हणून भय पळतं. दरी तिथंच असते. पावसाळ्यातला शेवाळलेला कातळ आणि उन्हाळ्यातला घसारा साध्या, बिनभयाच्या उतारावरही माणसाला पाडतात.

पायथ्याच्या गावात चौकशी करताना "वाट सोपी आहे का?" असं विचारू नये. लहानपणापासून तिथं वावरलेल्या मावशींना सगळ्याच वाटा सोप्या वाटतात आणि त्या खरंच सांगत असतात. त्याऐवजी विचारावं, "मावशी, त्या वाटेनं गुरं जातात का?" भरल्या अंगाचं जनावर हाताच्या आधारानं चढत नाही, त्याला चारही पायांपुरती रुंदी लागते. या प्रश्नाचं उत्तर मला आजवर कधी चुकीचं मिळालेलं नाही.

कोकणातून घाटावर जाणाऱ्या जुन्या व्यापारी वाटांवरून पाठीवर ओझं लादलेली जनावरं जात. त्यांतला नाणेघाट सर्वांत प्रसिद्ध. वर सातवाहनांचं लेणं आहे, त्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण. लेण्याच्या वर शेवटचा चढ कातळाच्या खिंडीतून जातो. डावीकडं भिंत, उजवीकडं भिंत, पायाखाली दगड. ज्यांना उंचीवर गरगरतं त्यांनी पहिली डोंगरवाट हीच धरावी. पाऊस ओसरल्यावर मुरबाडच्या पुढं वैशाखरे गावापाशी उतरा, सकाळी लवकर चालायला लागा, आणि वर पोचल्यावर नानाचा अंगठा म्हणतात त्या कड्याच्या टोकापर्यंत जायचा आग्रह कुणी केलाच, तर खुशाल नाही म्हणा.