मातीच्या भांड्यातला चहा

जुन्या विलायती सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंच्या चित्रांची कार्डे निघत. पाकीट चेंगरू नये म्हणून घातलेला तो पुठ्ठा. पण पुढे शौकिनांनी त्यालाच डोक्यावर घेतले. रणजींचे चित्र अशा कार्डांवर झळकले. आमच्या अल्लीपुरातली पोरेदेखील एकेकाळी बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची कार्डे जिवापाड जपत. मला मात्र एकच कार्ड हवे होते, बाळू पळवणकरांचे.

बाळू जन्माने चर्मकार. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर नोकरीला. खेळपट्टी तयार करायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायची. फलंदाजी मात्र साहेबांनीच करायची! हा डावखुरा फिरकी गोलंदाज इतका तयार झाला, की गोऱ्यांना हरवायचे तर पुण्याच्या हिंदू क्लबाला त्याच्यावाचून गत्यंतर उरले नाही.

मग घेतले. मैदानात चेंडू एकच, तो सगळ्यांच्या हातून फिरे. चहाच्या वेळी मात्र बाळू तंबूबाहेर, आणि त्याचा चहा मातीच्या टाकाऊ भांड्यात. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे! माझी सारी नोकरी बँकेत हिशेब जुळवण्यात गेली. हा हिशेब काही जुळत नाही.

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरविले. बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम, दोघेही त्या संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना मिळेना. १९२० मध्ये त्यांना डावलले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे दोघे भाऊ संघाबाहेर पडले. वर्तमानपत्रांतून गदारोळ उठला.

अखेर १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचा कर्णधार झाला आणि संघाने स्पर्धा जिंकली. आमच्या वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजी बजाजांनी दलितांसाठी खुले केले ते १९२८ मध्ये, म्हणजे नंतर पाच वर्षांनी. देवाआधी क्रिकेटचे दार उघडले म्हणायचे! अर्थात, उघडले ते कुणी आपणहून नव्हे. अमेरिकेतली कथाही निराळी नाही. अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून कृष्णवर्णीय खेळाडू मैदानात उतरायला १९७१ साल उजाडले.

बाळू पुढे राजकारणात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ मध्ये काँग्रेसने त्यांना उभे केले ते थेट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात. ते हरले. काँग्रेसची ही खेळी मला आजही रुचत नाही. १९५५ मध्ये ते वारले.

विठ्ठलने १९४८ मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले, तेही मराठीत. गावातल्या जुन्या वाचनालयाच्या कपाटात चुकून सापडले, तर घरी घेऊन या.