धुके तेच; पण भीती तीच का?

एखाद्या जुन्या मंदिराचा जीर्णोद्धार निघाला की गावात हटकून दोन तट पडतात. एकाला गळके छप्पर दिसते, तर दुसऱ्याला त्या छपराखालचा ओळखीचा अंधार हरपण्याची धास्ती वाटते. हाच वाद आता संगणकीय खेळांच्या प्रांतातही येऊन ठेपला आहे. आणि खेळ म्हणजे निव्वळ पोरखेळ असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही त्याची दखल घ्यावी, इतके त्यात तथ्य आहे.

निमित्त आहे ‘सायलेंट हिल २’ या भयकथेच्या खेळाचे. कोनामी या जपानी कंपनीने तो २००१ साली प्लेस्टेशन-२ या यंत्रासाठी काढला. पोलंडमधील ब्लूबर टीम या संस्थेने नव्याने घडविलेली त्याची आवृत्ती ८ ऑक्टोबर २०२४ रोजी बाजारात आली. जेम्स संडरलंड या सामान्य गृहस्थाला, तीन वर्षांपूर्वी आजाराने निवर्तलेल्या पत्नीचे पत्र येते आणि तिच्या शोधात तो धुक्याने भरलेल्या एका निर्मनुष्य गावात शिरतो, ही त्याची कथा. हाती एक खिळे ठोकलेली फळी, पुढे मोजकी काडतुसे, आणि अमंगळ काही जवळ आले की खरखरणारा एक छोटा रेडिओ. या जातीच्या खेळांत पराक्रमापेक्षा जीव वाचविणे महत्त्वाचे असते. येथे तर खरा वैरी बाहेरचा नसून जेम्सच्या मनात दडपलेल्या सत्यातच दबा धरून बसलेला आहे.

नव्या आवृत्तीची घोषणा ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली, तेव्हापासूनच जुन्या खेळाडूंच्या कपाळावर आठ्या होत्या. २०२४च्या आरंभी मारामारीची दृश्ये दाखविणारी चित्रफीत प्रसिद्ध झाली आणि या आठ्यांचे संतापात रूपांतर झाले. पात्रांचे चेहरे बिघडविले, शोकांतिकेची हाणामारी केली, असा गिल्ला झाला. प्रत्यक्ष खेळ हाती पडल्यावर मात्र सूर पालटला, आणि टीका करणाऱ्यांपैकी अनेकांनी आपला अंदाज चुकल्याचे मोकळेपणी मान्य केले. ही गोष्ट त्यांना भूषणावहच म्हणावी लागेल.

तथापि मतभेद मिटले असे नाही. जुन्या खेळात कॅमेरा पुष्कळदा दिग्दर्शकाने ठरविलेल्या कोनातून पाही. कोपऱ्यापलीकडे काय आहे ते खेळाडूला दिसत नसे, आणि न दिसण्यातच भीतीचा उगम होता. आता कॅमेरा जेम्सच्या खांद्यामागे असतो आणि खेळाडू हवे तिकडे वळून पाहू शकतो. जुना जेम्स अवघडल्यासारखा फळी फिरवी. नवा जेम्स चपळाईने वार चुकवितो. आठेक तासांत संपणारी कथा आता जवळजवळ दुप्पट वेळ घेते, आणि या वाढीत तीच ती झुंज वारंवार येते, अशी अनेकांची तक्रार आहे. उलटपक्षी, नव्या खेळातील चेहऱ्यांवर दुःख वाचता येते, टेबलाआड निश्चल दडून बसणारे मानवाकृती राक्षस अधिक दचकवितात आणि अकिरा यामाओका यांच्या संगीताने जुना धागा अखंड राखला आहे, असे समर्थक सांगतात. दोन्ही पक्षांचे म्हणणे बहुतांशी खरे आहे. अडचण आहे ती तेथेच.

जुने ते पवित्र, असे मानणाऱ्यांनी या धुक्याचाच इतिहास आठवावा. १९९९च्या पहिल्या ‘सायलेंट हिल’मध्ये धुके आले ते त्या वेळच्या यंत्राला दूरचे दृश्य रेखाटता येत नव्हते म्हणून. उणीव झाकण्यासाठी पांघरलेली चादर पुढे त्या गावाचा आत्मा ठरली. तेव्हा मर्यादा आपोआप कला होत नाही. तिला अर्थ देणारा कलावंत लागतो. परंतु हेच सूत्र उलट दिशेनेही लागू पडते. मर्यादा गेली म्हणून कलाही आपोआप वाढत नाही. जेम्सचा अवघडलेपणा हा सोय नसल्याचा परिणाम असेल; पण त्यातून तो शूर नाही हे न बोलता सांगितले जात होते. तो काढून घेतल्यावर तेच सांगण्याची दुसरी रीत शोधावी लागते. नवी आवृत्ती जेथे ती शोधते तेथे यशस्वी होते, आणि जेथे केवळ चकमकींची संख्या वाढविते तेथे उणी पडते.

खेळाडूंनी स्वतःलाही एक प्रश्न विचारावयास हवा. अठराव्या वर्षी मध्यरात्री दिवा मालवून जो खेळ खेळला, त्याची तुलना चाळिशीनंतर कोणत्याही खेळाशी कशी व्हावी? आपण मूळ कृतीची बाजू घेतो की आपल्या गेलेल्या तारुण्याची? सोयीची आठवण खऱ्याच्या जागी बसविणारा माणूस हाच तर या कथेचा नायक आहे!

मात्र म्हणूनच मूळ कृती जिवंत राहणे अगत्याचे ठरते. २०१२ साली याच खेळाची सुधारित आवृत्ती निघाली, तेव्हा मूळची अंतिम आज्ञावली जपून ठेवलेली नाही असे आढळले. अपुऱ्या साधनांवरून केलेल्या त्या आवृत्तीत धुके विरळ झाले आणि जे झाकावयाचे तेच उघडे पडले. पुढे मूळ खेळ संगणकावर धडपणे चालावा म्हणून हौशी खेळाडूंनीच पदरमोड करून दुरुस्त्या केल्या. याउलट कॅपकॉमचे उदाहरण पाहावे. ‘रेसिडेंट इव्हिल २’ आणि ‘३’ या खेळांच्या नव्या आवृत्त्या तिने २०१९ आणि २०२० साली काढल्या. तिसऱ्या खेळातील घड्याळाचा मनोरा वगळल्याबद्दल तिला बोलही बसले. परंतु २०२४ मध्ये मालिकेतील पहिले तिन्ही मूळ खेळ आजच्या संगणकांसाठी पुन्हा उपलब्ध झाले. ज्याला शंका असेल त्याने दोन्ही खेळून स्वतः निवाडा करावा.

वादाचा निकाल लागतो तो असा. जुने व नवे शेजारी शेजारी असतील तर मतभेद ही रसिकतेची खूण ठरते. जुने नाहीसे झाले तर उरते ती केवळ विक्रेत्याची साक्ष. जीर्णोद्धार अवश्य व्हावा. पण जुना शिलालेख उपटून तो पायरीच्या दगडाला लावू नये.