बंद पडलेली गाडी ओढून नेताना

नाशवंत माल भरलेली गाडी वाटेत बंद पडली की ती कशीबशी ओढून बाजार गाठण्याचा विचार शेतकऱ्याच्या मनात प्रथम येतो. गावात कोणाची तरी जुनी जीपवजा गाडी असते, घरी नाडा असतो, मदतीस माणसेही असतात. गेल्या हंगामात जुन्नर तालुक्यात प्रस्तुत लेखकाच्या समक्ष असेच घडले. टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजारास निघालेली एक पिकअप वाटेत बंद पडली. ती शेजाऱ्याच्या जुन्या जिप्सीस नाड्याने बांधण्यात आली. चढावर सारे सुरळीत झाले. उतार लागताच मात्र नाडा सैल पडला आणि पिकअप जिप्सीच्या पाठीवर जाऊन आदळली. सुदैवाने मागील दरवाजा व दिवे यांवरच निभावले. गाडी बांधताना हजर असलेल्या आम्हां कोणासही उताराचा विचार सुचला नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

धोका कोठे असतो?

गाडी ओढण्यापेक्षा ती थांबविण्यात खरा धोका असतो. उतरणीस ओझे बैलांच्या अंगावर येते, हे प्रत्येक गाडीवानास ठाऊक आहे. येथेही तोच प्रकार होतो. १९८५ साली बाजारात आलेली व आता बनत नसलेली जिप्सी रिकामी असता सुमारे एक टन भरते; मालाने भरलेली पिकअप अडीच टनांच्या पुढे सहज जाते. दोर फक्त ओढू शकतो, मागून येणारे वजन अडवू शकत नाही.

शिवाय इंजिन बंद असले की ब्रेकला मिळणारे साहाय्य थांबते. दोन-तीनदा पाय दाबला की पेडल अत्यंत घट्ट होते व ब्रेक लागण्यास कितीतरी अधिक जोर द्यावा लागतो. पॉवर स्टिअरिंगही जड होते. नवख्या चालकास ब्रेक निकामी झाला असेच वाटते.

कायदा काय सांगतो?

१९८८ चा मोटार वाहन अधिनियम व त्याखालील २०१७ चे वाहनचालन विनियम यांनुसार यांत्रिक बिघाड झालेली गाडी नजीकच्या दुरुस्तीच्या ठिकाणापर्यंत नेता येते. तथापि दोराने ओढल्या जाणाऱ्या गाडीत चालकाच्या जागी परवानाधारक इसम असलाच पाहिजे. दोन गाड्यांमधील मोकळे अंतर ५ मीटरपेक्षा अधिक नसावे, दोर इतरांस स्पष्ट दिसावा आणि मागील गाडीच्या पाठीवर ‘ऑन टो’ असा फलक असावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येते. यास्तव जुन्या गाडीच्या मालकाने ती मुदत व विमा पाहूनच गाडी मदतीस काढावी.

पूर्वतयारी

१) प्रथम माल दुसऱ्या गाडीत भरून बाजारास रवाना करावा. त्यामुळे वजन उतरते आणि घाईही उरत नाही.

२) दोर चासीच्या हुकासच बांधावा; बंपर, स्टिअरिंगचे दांडे वा स्प्रिंगचे पाटे यांस कदापि नाही. जुन्या गाडीच्या हुकाभोवतीचा पत्रा गंजला आहे काय, हे आधी पाहावे.

३) नाडा वा साखळी वापरू नये. नाडा तुटतो, साखळी ताणली जात नसल्याने हिसका बसतो. वजनास पुरेसा मजबूत नायलॉनचा पट्टा घ्यावा व मध्यावर तांबडे फडके बांधावे. दोन्ही गाड्यांस बसणारा लोखंडी दांडा मिळाल्यास अधिक चांगले, कारण तो अंतर कायम राखतो.

४) बंद गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून किल्ली फिरवलेली असावी, अन्यथा स्टिअरिंगला कुलूप लागते. आपोआप गिअर बदलणारी गाडी मात्र चालविली जाणारी चाके जमिनीवर ठेवून ओढू नये.

वाटेत

पहिल्या गिअरमध्ये सावकाश निघून आधी दोर ताणून घ्यावा. त्या वेळी दोराजवळ कोणासही उभे राहू देऊ नये. तुटलेला दोर चाबकासारखा परततो. वेग ताशी २० किलोमीटरच्या आत ठेवावा. पुढच्याने थांबण्यापूर्वी पुरेसा आधी इशारा द्यावा, आणि मागच्याने हलका ब्रेक धरून दोर सदैव ताठ ठेवावा. खुणा दोघांनी आधीच ठरवाव्यात. जिप्सीचा चारचाकी जोर चिखलापुरताच वापरावा, कोरड्या डांबरी रस्त्यावर नाही. क्लचचा जळका वास आला वा तापमापकाचा काटा चढला, तर तेथेच थांबावे.

केव्हा ओढू नये?

घाटात, अंधारात, ब्रेक वा स्टिअरिंग नादुरुस्त असता, किंवा मागील गाडी पुढीलपेक्षा जड असता दोराचा मार्ग सोडून क्रेन मागवावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते. क्रेन येईपर्यंत गाडीच्या मागे काही अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा व माणसांनी रस्त्यापासून दूर उभे राहावे.

एका दिवसाचा भाव हुकला तर पुढील तोडणीत तो भरून काढता येतो. उतारावर गेलेला माणूस मात्र परत येत नाही. शेतकरी बंधूंनी दोर बांधण्यापूर्वी एवढे ध्यानी ठेवावे.