अवधान आणि प्रवास

‘माइंडफुलनेस’साठी मराठीत ‘सजगता’ हा शब्द रूढ होत आहे. मात्र ही संज्ञा ज्या पाली ‘सति’ शब्दाचे भाषांतर म्हणून प्रचारात आली, तो संस्कृत ‘स्मृती’चेच रूप होय. समोरच्या क्षणाचे भान आणि पुढील स्मरण यांचे नाते त्या शब्दातच आहे.

प्रवासात त्याचा प्रत्यय येतो. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि १८५८ मध्ये झाशीच्या वेढ्यात सापडले. ‘माझा प्रवास’ त्यांनी लिहिला तो कितीतरी वर्षांनी. तरी राणीचा पोशाख, तिचा दिनक्रम, लुटीचे दिवस त्यात डोळ्यांपुढे उभे राहतात. काही तपशील इतिहासाशी जुळत नाहीत, हे खरे. पण पाहिलेले त्यांच्या मनात मुरले होते. हाच अवधानाचा मोठा लाभ.

आजचा प्रवासी पाहण्याचे काम कॅमेऱ्यावर सोपवतो. लिंडा हेन्केल यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, संग्रहालयातील ज्या वस्तूंची संपूर्ण छायाचित्रे घेतली, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. वस्तूचा एखादाच भाग जवळून टिपणाऱ्यांच्या स्मरणात मात्र अशी घट आढळली नाही.